ज्यांना कोरोना होता, ते मला घाबरत होते

आधीच सांगते, हे वाचून कोणाला माझी दया आली तर ती त्यांनी आपल्याजवळच ठेवावी. माझ्यासारखी एखादी बाई उद्या तापाने फणफणत एखाद्या वॉर्डात पोचेल. तिच्या पिशवीत गोळ्यांचा डबा लपवलेला असेल आणि डॉक्टर तिला विचारेल, दुसरा काही आजार आहे का. त्या बाईसाठी मी हे लिहिते आहे. आणि थोडं रागापोटीही लिहिते आहे. तो राग अजून गेलेला नाही आणि घालवायची मला घाईही नाही.

•

आमचं गाव बोरी अरब. गावात माझी पिठाची चक्की आहे. नवरा ट्रकवर होता, कापसाच्या गाठी घेऊन पार गुजरातपर्यंत जायचा. तो आजारी पडला, खंगत गेला आणि गेला. तेव्हा माझी तपासणी झाली, मलाही एचआयव्ही निघाला. मुलगी अर्चना तेवढी सुटली.

तेव्हापासून यवतमाळला जाऊन गोळ्या आणते आणि रोज घेते. एक वेळ जेवण चुकवीन, गोळी चुकवत नाही. गोळ्या देतात तिथल्या समुपदेशक ताई म्हणायच्या, तुमच्या रक्तात आता विषाणू सापडतसुद्धा नाही, इतका दबून आहे. मी धडधाकट होते. गव्हाचं पोतं एकटीने सरकवायची.

हे सगळं घरात अर्चनाशिवाय फक्त माझ्या दिराला, दिनकर भाऊजींना, आणि जाऊ मंदाला माहीत होतं. आमचं आंगण एक, चुली वेगळ्या. अर्चनाचं लग्न दिग्रसला झालं, तिच्या सासरी आम्ही सांगितलं नव्हतं. गावात तर सांगायचा प्रश्नच नव्हता. दळण म्हणजे लोकांच्या तोंडात जाणारी वस्तू. पिठातून हा आजार पसरत नाही हे मला ठाऊक आहे, पण गावाला ते पटवायला मी कुठे बसणार होते? म्हणून गप्प राहिले. यवतमाळला का जाते असं कोणी विचारलं की शुगर आहे म्हणायची.

•

दळताना गरम पिठाचा एक वास येतो. आयुष्यभर तो नाकात बसलेला आहे. त्या दिवशी ज्वारी दळत होते आणि वासच आला नाही. मी पीठ मुठीत घेऊन नाकाशी धरलं, तरी काही नाही. खोकला आधीपासून होताच, पण चक्कीवालीला खोकला असायचाच म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं.

तपासणी पॉझिटिव्ह आली. आधी भीती वाटली ती मरणाची नाही, हे खरं सांगते. आपल्यासारख्यांना कोरोना झाला की माणूस वाचत नाही असं कुठे कुठे ऐकलं होतं, ते डोक्यात होतंच. पण त्याहून मोठी भीती ही होती, की आता कोणीतरी मला विचारणार आणि मला सांगावं लागणार.

मी समुपदेशक ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, तुमच्या गोळ्या नियमित आहेत, अंगात ताकद आहे, तुम्ही इतर माणसांसारख्याच यातून निघू शकता. ज्यांनी गोळ्या सोडल्या, ज्यांची ताकद आधीच खाली गेली, त्यांना धोका जास्त. दोन गोष्टी त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितल्या. गोळ्या बंद करायच्या नाहीत, आणि डॉक्टरपासून लपवायचं नाही.

पुढे दम लागायला लागला. आंगणातून दारापर्यंत आले तरी छाती भात्यासारखी हलायची. भाऊजींनी ॲम्ब्युलन्स बोलावली. मी घाईत डब्यातल्या थोड्या गोळ्या कागदात बांधून घेतल्या, बाकीचा डबा कपाटात ठेवला. वाटलं, आठवड्यात परत येऊ. ही चूक तुम्ही करू नका. सगळा डबा सोबत न्या.

•

एका वसतिगृहाचं तेव्हा कोविड सेंटर केलं होतं. बायकांचा वॉर्ड म्हणजे एक लांब खोली, दोन्ही बाजूंना खाटा, भिंतीला ऑक्सिजनचे सिलिंडर. डॉक्टर तरुण होता. तोंड झाकलेलं, फक्त डोळे दिसायचे, तेही तांबारलेले. त्याने लांबूनच विचारलं, बीपी, शुगर, दुसरा काही आजार?

मी म्हटलं, "साहेब, जवळ या. सांगते."

तो जवळ आला नाही. बोला, बोला, वेळ नाही म्हणाला. मग मीच उठले, धापा टाकत त्याच्यापर्यंत गेले आणि हळू आवाजात सांगितलं. गोळ्या चालू आहेत हेही सांगितलं.

तो वळला आणि खोलीच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या सिस्टरला ओरडून म्हणाला, "सिस्टर, या पेशंटला शेवटची खाट द्या. एचआयव्ही आहे."

ज्या बायकांना आपलं नाव सांगायला श्वास पुरत नव्हता, त्यांच्या सगळ्यांच्या माना वळल्या. मी उभी होते तिथल्या खाटेवरची एक जण आपली चादर गोळा करून भिंतीकडे सरकली. मी पिशवी उचलली आणि शेवटच्या खाटेवर जाऊन बसले. संडासाच्या दाराला लागून होती ती.

या बायकांना असा आजार झाला होता, की त्यांची स्वतःची लेकरं त्यांच्याजवळ येत नव्हती. त्यांचे डबे फाटकावर ठेवून नातेवाईक पळत होते. आणि त्या मला घाबरत होत्या.

•

समोरच्या रांगेत कुसुमताई होत्या. आमच्याच गावच्या, रिटायर हेडमास्तरांची बायको. त्यांचं दळण कायम माझ्याकडे. मी आले तेव्हा त्यांनी हात हलवून ओळख दिली होती.

डॉक्टर गेल्यावर त्यांनी मोबाइल काढला. ऑक्सिजनचा मास्क नाकातोंडावर होता. बोलायचं म्हणून त्यांनी तो वर उचलला, एक वाक्य बोलल्या, पुन्हा मास्क लावून दोन श्वास घेतले, पुन्हा उचलला. असं करत करत त्यांनी सगळी हकिकत गावाला पोचवली.

"अवं, आपली चक्कीवाली. तिले एड्स हाये म्हणे. हो, डॉक्टरच बोलला." मास्क. श्वास. "अन् आपण तिच्याच हातचं पीठ खाऊन राह्यलो इतक्या वर्सापासून."

मी ऐकत होते. माझा जीव श्वासासाठी तडफडत होता आणि ती बाई तिला मिळालेला श्वास यासाठी वापरत होती. मी उठून तिच्या हातातला फोन हिसकावून घ्यायला हवा होता. उठता आलं नाही.

•

तिथला रोजचा दिवस सारखाच असायचा. सकाळी बोटाला ते यंत्र लावायचं, आकडा पाहायचा. मग चहा. माझा चहा कागदी कपात, बाकीच्यांचा स्टीलच्या. जेवण वाढणारी बाई माझं ताट खाटेच्या पायथ्याशी खाली ठेवून जायची. मी एकदा म्हटलं की मी काही जमिनीवर जेवत नाही, ताट वर ठेवा. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या वेळी मी ताट उचललंच नाही. सिस्टर ओरडली, उपाशी राहून मरायचं आहे का? मी म्हटलं, ताट वर येईपर्यंत मरणार नाही. त्यानंतर ताट वर यायला लागलं. तेवढी एक लढाई मी जिंकली.

माझ्या शेजारच्या खाटेवर नेरच्या रझिया आपा होत्या. साठीच्या पुढच्या असतील, घरचं कापडाचं दुकान. पहिल्या दिवशी त्यांनीही माझ्याकडे पाठ केली होती. एका दुपारी त्या पाणी मागत होत्या. सिस्टर, सिस्टर करून दमल्या, कोणी येईना. शेवटी त्या माझ्याकडे वळल्या.

"ए चक्कीवाली, पानी दे न मले."

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. म्हटलं, "माह्या हातचं?"

"आता काय दुसऱ्याचा हात आणू?"

मी माझ्या बाटलीतलं पाणी त्यांच्या ग्लासात ओतलं. त्यांना उठता येईना म्हणून ग्लास मीच त्यांच्या ओठांना लावला. त्या घटाघटा प्यायल्या. सगळा वॉर्ड बघत होता. माझं मन सांगतं, त्यांनी ते माझ्यासाठी केलं नाही. त्यांना तहान लागली होती. म्हणूनच मला ते इतकं आवडलं. पुढे आम्ही बोलायला लागलो. त्या मला त्यांच्या सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या, मी त्यांना मंदाची. हसलो की दोघींना खोकल्याची उबळ यायची.

•

कागदात बांधून आणलेल्या गोळ्या संपत आल्या तशी मी भाऊजींना फोन केला. कपाटातला डबा फाटकावर आणून द्या म्हटलं. त्यांनी आधी माझ्या तब्येतीचं विचारलं.

मग म्हणाले, "वहिनी, मंदानं तुमची खोली धुवून काढली. गावात सगळ्याईले मालूम पडलं न. गादी, कपडे, सगळं जाळलं."

"अन् डबा?"

"तो बी त्यातच गेला."

मंदाला माझा आजार नवा नव्हता. इतकी वर्षं एका आंगणात राहिली, माझ्या हातची भाजी खाल्ली, तिच्या बाळंतपणात मी तिचं अंग चोळून दिलं. गाव तिच्या दारात येऊन विचारू लागलं, तेव्हा तिने गावाला दाखवायला माझं सामान जाळलं. आणि त्यात माझं औषध जाळलं. मी तिला माफ केलेलं नाही. लोक सांगतात, आजारातून उठल्यावर मन मोठं करावं. मी नाही केलं.

डॉक्टरला सांगितलं, माझ्या गोळ्या संपताहेत, मागवून द्या. तो म्हणाला, ते आमच्याकडे नसतं, कळवतो. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हाही कळवतो. मग अर्चनाला फोन केला. मला ते करायचं नव्हतं. तिच्या घरात माझा आजार शिरू नये म्हणून मी इतकी वर्षं तोंड शिवून बसले होते. पण दुसरं कोणी उरलं नव्हतं. तिला म्हटलं, काहीतरी बहाणा कर, यवतमाळहून गोळ्या आण, पण जवाईबापूंना कळू देऊ नको.

•

आता जे सांगते ते कोणाला खरं वाटणार नाही.

माझ्याकडे शेवटच्या काही गोळ्या उरल्या होत्या. सकाळी कागद उघडून एक घेत होते तेव्हा कुसुमताईंनी मला हाक मारली. त्या वॉर्डात पहिल्यांदाच.

"तुह्यापाशी त्या गोळ्या हायेत न? प्रकाशच्या मोबाइलवर आलं हाये, तुमच्या रोगाच्या गोळ्यानं कोरोना मरते म्हणते. दोन मले दे."

प्रकाश त्यांचा मुलगा. शिकलेला, नोकरीवाला. मी आधी नीट ऐकलं का तेच समजेना. ज्या हातचं पीठ नको, त्या हातातल्या गोळ्या हव्या होत्या.

मी म्हटलं, "याईनं कोरोना मेला असता तर मी इथं काहून असती?"

पण त्यांचा हात पुढेच होता. तेव्हा मी आणखी बोलले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"अन् या खाल्ल्यावर लोक तुम्हाले इचारतीन, तुम्हाले काय झालं म्हणून. काय सांगसान?"

हात मागे गेला. रझिया आपा तोंडावर पदर धरून हसत होत्या. मीही हसले. त्या सगळ्या दिवसांत पोटातून हसले ती हीच वेळ. मग संध्याकाळी कागद उघडून गोळ्या मोजल्या आणि हसू गेलं.

शेवटची गोळी संपली. मध्ये खाडा पडला. त्या दिवसांत मला वाटायचं, आत दाबून ठेवलेलं जनावर उठून बसतंय. ताप चढला की तेच, डोकं दुखलं की तेच. डॉक्टर म्हणायचा, कोरोनाचाच ताप आहे. मी त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते.

•

मग एका सकाळी सिस्टरने एक पाकीट आणून दिलं. फाटकावर कोणी तरी देऊन गेलं म्हणाली. आत माझा नेहमीचा डबा होता, सीलबंद. थोड्या वेळाने फोन वाजला. अर्चना नव्हती, जावई होते, नितीनराव.

"गोळ्या भेटल्या का?"

"भेटल्या."

"घ्या मग."

एवढंच. फोन बंद. अर्चनाने त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. दिग्रसहून ते मोटरसायकलने यवतमाळला गेले, वाटेत जागोजागी पोलिसांना कारण सांगत गेले, ताईंना भेटले, आणि तिथून माझ्या फाटकापर्यंत आले. मी गोळी घेतली आणि मग अर्चनाला फोन करून तिच्यावर खूप चिडले. तू आपल्या हाताने आपलं घर मोडलंस म्हटलं. ती म्हणाली, आई, तुह्या मरणावर मले घर नोको.

घर मोडलं नाही. पण नितीनरावांनी त्यानंतर नातवाला माझ्याकडे पाठवणं बंद केलं. माझ्यासाठी उन्हातान्हात तेवढी धावपळ केलेला माणूस आपलं मूल माझ्या मांडीपासून लांब ठेवत होता. मला ते लागलं. त्यांच्यावर रागावू की त्यांच्या पाया पडू, हे मला कितीतरी दिवस ठरवता आलं नाही.

•

रझिया आपा गेल्या. सकाळी आकडा उतरला तो चढलाच नाही. त्यांना मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, स्ट्रेचर आलं, आणि तोवर उशीर झाला होता. त्यांचा मुलगा खाली फाटकाबाहेर उभा होता, त्याला वर येऊ दिलं नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळताना त्यांचा एक हात बाहेर राहिला होता. मी उठून तो आत सरकवला. त्या वेळी मला कोणी हटकलं नाही.

मला सोडलं त्या दिवशी डॉक्टर कागदावर सही करत म्हणाला, तुम्ही आजार आधीच सांगितला ते बरं केलं, बरेच जण लपवतात.

मी म्हटलं, "मी तुम्हाले सांगितलं होतं. तुम्ही सगळ्याईले सांगितलं."

त्याने मान वर केली. थकलेला होता, रोज माणसं मरताना पाहत होता, हे मला दिसत होतं. पण कानात सांगायला ओरडण्यापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

•

घरी आले तर आंगणात मधोमध तारेचं कुंपण. मंदा दारात आली नाही. माझ्या खोलीत भिंती धुतलेल्या, खाली नुसती फरशी. अर्चनाने पाठवलेल्या सतरंजीवर मी झोपले.

अंगात जरा जीव आल्यावर चक्की उघडली. कोणी आलं नाही. रस्त्याने लोक डोक्यावर दळण घेऊन जायचे, माझ्याकडे न पाहता, पार दुसऱ्या टोकाच्या चक्कीवर. मी रोज शटर उघडायची, झाडून घ्यायची, बसायची. घरचीच ज्वारी थोडी थोडी दळायची, जाड, मग पुन्हा बारीक, म्हणजे आवाज तरी चालू राहील. लोकांनी ऐकावं की मी जिवंत आहे.

हळूहळू गिऱ्हाईक आलं. आधी वस्तीवरच्या बायका, मग इतर. लोक सुधारले असं मी म्हणणार नाही. ती दुसरी चक्की लांब आहे आणि तो जाड दळतो, हे खरं कारण. एक बाई तर म्हणाली, तसं बी पीठ भाजतेच न तव्यावर. मी म्हटलं, भाजा बापा चांगलं, आणि दळून दिलं. कुसुमताई वाचल्या. त्यांचं दळण अजून तालुक्याला, दारव्ह्याला जातं. जाऊ दे.

नितीनराव काही महिन्यांनी पोराला घेऊन आले. मधल्या काळात त्यांनी यवतमाळच्या ताईंना फोन करून करून किती प्रश्न विचारले, ते ताईंनीच मला सांगितलं. पोरगं धावत येऊन माझ्या मांडीवर बसलं. नितीनराव बघत राहिले. त्यांचे हात जरा पुढे झाले आणि थांबले. त्यांनी पोराला उचललं नाही.

•

अलीकडे गोळ्या घ्यायला यवतमाळला गेले होते. तिथे कोणी कोणाशी बोलत नाही. बायका पदराने तोंड झाकून भिंतीकडे पाहत बसतात, नाव पुकारलं की पटकन उठतात. कोरोनानंतर काही ओळखीचे चेहरे दिसत नाहीत. कोण मेलं, कोणी गोळ्या सोडल्या, विचारायची सोय नाही, कारण आम्हाला एकमेकींची नावंच ठाऊक नाहीत.

कोपऱ्यात एक तरुण बाई होती. नुकतंच कळलेलं असावं, रडून डोळे सुजले होते. ताईंनी मला खुणावलं, जरा बसा तिच्याजवळ. मी बसले. तिने पदराआडूनच विचारलं, तुमच्या गावाले मालूम हाये का? मी म्हटलं, हो.

"मंग तुम्ही जगून कशा राह्यल्या?"

मी तोंडावरचा पदर खाली घेतला. आवाज नेहमीसारखा ठेवला, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"माहं नाव शोभा. बोरी अरबची. चक्की हाये माही. तुहं नाव काय?"

बऱ्याच वेळाने तिने सांगितलं.